पाव म्हटलं की

डॉमिनिकन देशातल्या सान पेद्रोच्या साखर कारखान्यामागच्या वस्तीत ओदालिस बाईंएवढी हट्टी मास्तरीण दुसरी झाली नाही. येफ्री नावाचं कार्टं शाळेत टिकेना, तेव्हा बाईंनी त्याचा कान नाही धरला, त्याचा खेळच धरला. पाण्याच्या जारचं झाकण हा चेंडू, झाडूचा दांडा ही बॅट. गल्लीत दिवसभर हाच बेसबॉलचा धिंगाणा.

"चारदा मारायला उभा राहिलास, एकदाच टोला बसला. किती झाले?"

"अब्रू गेली, बाई!"

"अब्रूचं नंतर बघू. अपूर्णांक सांग."

"पाव!"

असे अपूर्णांक आले. दुकानातल्या पेपरचं खेळाचं पान चाळता चाळता वाचन आलं, संघांच्या गावांवरून नकाशा आला. पण त्याची आई सेनाइदा त्याच दांड्यानं त्याला बडवायची. बाई तिच्याकडे गेल्या, कॉफी प्यायल्या आणि म्हणाल्या, "खेळू दे गं त्याला. खेळ हाच त्याचा अभ्यास आहे." सेनाइदानं ते मनात पक्कं धरलं.

म्हणूनच पोरं हेरत फिरणारा चिचो दारात आला आणि म्हणाला, "बेसबॉलच्या अकादमीत नेतो, राहणं-खाणं माझ्याकडे, शाळा मात्र बंद," तेव्हा तिनं त्याला हाकललं नाही. बाई धावत आल्या.

"अगं बये, आठवी तरी होऊ दे त्याची!"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, खेळ हाच अभ्यास? मग शाळा कशाला?"

आपलेच दात, आपलेच ओठ. पोरगं उड्या मारत चिचोच्या गाडीत बसलं.

चार वर्षांनी ते परत आलं. चेंडू फेकून फेकून उजवा खांदा निकामी झाला होता. चिचोनं त्याला बसमध्ये बसवून दिलं आणि दुसरी पोरं शोधायला गेला, मेला!

बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. "संध्याकाळी येत जा. आठवीची परीक्षा बाहेरून देता येते. नुसता खांदा गेलाय, डोकं आहे ना जागेवर?"

येफ्री आला. खेळाचं नावही काढायचं नाही, असं बाईंनी ठरवलंच होतं.

"एका केळ्याचे चार भाग केले, एक तू खाल्लास. किती खाल्लंस?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"काय रे? येतं की तुला!"

"येतं, बाई. पण पाव म्हटलं की मला केळं दिसत नाही. मी मारायला उभा दिसतो." त्यानं वही बाजूला सारली. "नकाशा उघडला की मैदानं दिसतात. वाचायला बसलो की खेळाच्या पानावर माझं नाव शोधतोय असं वाटतं. दुसऱ्या कशानं तरी शिकवा ना!"

बाईंनी कपाट उघडलं, पुस्तकं उलटीपालटी केली, परत मिटली. त्याला त्यांनी दुसऱ्या कशानं कधी शिकवलंच नव्हतं.

"नाही जमणार मला परीक्षा. रागावू नका, बाई."

"तुझ्यावर कशाला रागावू रे बाळा? मीच तुझ्यासाठी दुसरं काही शिल्लक ठेवलं नाही." आणि वर्गाला धाकात ठेवणाऱ्या ओदालिस बाई लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. येफ्री उठला आणि डाव्या हातानं त्यांना पाणी ओतून दिलं.