सोनीची खुर्ची

वाटूरचे नामदेव मिस्त्री फूटपट्टी वापरत नसत. सुतळीला गाठी मारून माप घेत आणि ती सुतळी टोपीत खोचून ठेवत. मी फिजिओथेरपी शिकून नुकतीच जालन्यात रुजू झाले होते, नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. माझ्या वहीत खुर्चीचं इंचाइंचाचं चित्र होतं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं आणि परत दिलं. "लेकराला बघितल्याबिगर खुर्ची व्हत न्हाई, बाई."

लेकरू म्हणजे पाच वर्षांची सोनी. तिला सेरेब्रल पाल्सी. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, बसवली की कलंडायची. म्हणून आई तिला मांडीवर आडवी घेऊन भरवायची. रोज ठसका लागायचा, पोरगी लालबुंद व्हायची. पाठीला आधार, मांड्यांमध्ये ठोकळा, पायांखाली फळी आणि पुढ्यात ताटाला पाट एवढं मिळालं, तर ती बसून आपल्या हातानं जेवेल, हे मी घसा फोडून सांगत होते.

मी दर मंगळवारी वाटूरला जायचे आणि मिस्त्री म्हणायचे, "बनवून राह्यलो." तीन महिने हेच. मी वैतागून म्हटलं, "तोवर पोरगी वाढेल."

"वाढू द्या की. म्हणून तर पायाची फळी सरकती केली."

माझ्या चित्रात ती सरकती नव्हती. याचाही मला रागच आला.

खुर्ची आली ती आरशासारखी पॉलिश केलेली. सोनी तीत ताठ बसली आणि मान वर करून सगळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, जिंकलं. पुढच्या मंगळवारी गेले तर सोनी मांडीवर आडवी, आणि खुर्ची कोपऱ्यात चादरीखाली.

"सांडती ओ ती जेवताना," तिची आई म्हणाली. "एवढी चांगली वस्तू, खराब व्हईल. पाव्हण्यांनी सुदिक नाव काढलं खुर्चीचं."

मी समजावलं. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी ओरडले, रडकुंडीला आले. शेवटी सगळा राग मिस्त्रींवर काढला. "एवढं पॉलिश करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ते चपला घालून माझ्याबरोबर निघाले. सोनीच्या घरी जेवणाचीच वेळ होती. त्यांनी चादर काढली, वरणाची वाटी उचलली आणि खुर्चीच्या पाटावर ओतली.

"घ्या. झाली खराब. आता बसवा."

आई पदर घेऊन पुसायला धावली. "ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले, "डाग पडू द्या बराबर." सोनीला त्यांनीच बसवलं. मी तिच्या कोपराला नुसता आधार दिला. पहिला घास निम्मा हनुवटीवर गेला, निम्मा खुर्चीवर. ठसका मात्र लागला नाही.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. चिडायला मला अजून रोज कारण मिळतं: कुणाच्या घरी खुर्ची चादरीखाली असते, कुठे पायाला आधार देणारे पट्ट्यांचे बूट सणासाठी जपून ठेवलेले. पण नवी खुर्ची पोचवली की मी भाषण देत नाही. आईकडे आधी वाटीभर वरण मागते.