बाटलीवरच्या खाचा

माझ्या नणंदेचा, जनकाबाईंचा, या जगात कोणावर विश्वास बसला असं मला आठवत नाही. दुधात त्या बोट बुडवून बघायच्या. मोताळ्याच्या बाजारात वांगी विकायला बसल्या की शेजारणीची वजनं आधी स्वतःच्या तराजूत टाकून बघायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नजर अधू नाही ना, म्हणून त्यांनी मला सुईत दोरा ओवायला लावला. मी ओवला. तरी चार दिवस त्यांना वाटत होतं की मी तो अंदाजानं ओवला!

एका गोष्टीवर मात्र त्यांचा भरवसा होता, सरकारी दवाखान्याच्या बाटलीवर. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. दवाखान्यात जाताना रिकामी बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल औषध ओतायचा आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या असत. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. मोठ्यांना रुंद खाचा, लेकरांना बारीक. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळायचं.

त्या हिवाळ्यात वन्संची लेक पुष्पा चिखलीहून माहेरी आली. कडेवर दोन वर्षांची बेबी. दोघींनाही सर्दी-खोकला. पुष्पाच्या पिशवीत दुकानातून आणलेली खोकल्याच्या औषधाची बाटली होती, वर सगळं इंग्रजीत छापलेलं.

"माय, हे माह्यं औषध आहे," पुष्पानं आल्या आल्या सांगितलं. "मोठ्या माणसाचं. दुकानदारानं बजावलं, लेकराले अजिबात द्याचं नाही. यानंही तेच सांगतलं." 'यानं' म्हणजे तिच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं.

झालं! वन्संच्या डोक्यात किडा शिरला. लेक आंघोळीला गेली तशी त्या आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून मला म्हणाल्या, "पाहून राह्यली का तू? बायकोसाठी शिशी आणते, अन् लेकराले काही नाही. पोरगी आहे ना! पोरगा असता तं दोन शिश्या आणल्या असत्या."

"अवो वन्सं, दुकानदारानंच नाही म्हटलं ना?" मी म्हटलं.

"दुकानदाराले काय माहीत? हे जावयाचंच शिकवणं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पा कपडे धुवायला नदीवर गेली. मी पीठ चाळायची चाळणी मागायला गेले, तर वन्सं ओसरीवर बसून कात्रीनं कागद कापत होत्या. बारीक, सारख्या खाचा, अगदी कंपाउंडरसारख्या. खळ लावून त्यांनी ती पट्टी पुष्पाच्या बाटलीला डकवली आणि समाधानानं बघितलं. मला हसू आलं. आता त्यांच्याशी कोण डोकं लावणार, असं म्हणून मी चाळणी घेऊन परत आले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढचं मला नंतर कळलं. बेबीला त्यांनी एक खाच पाजली. घटकाभरानं लेकरू पुन्हा खोकललं, तसा त्यांना संशय आला की औषधात पाणी आहे. मग आणखी एक खाच पाजली. बेबी निजली. पुष्पा यायच्या आत त्यांनी पट्टी ओली करून खरवडून काढली आणि बाटली होती तशी पिशवीत ठेवली.

दुपारी जेवणवेळेला पुष्पानं बेबीला उठवलं. ती उठेना. गालावर पाणी मारलं, तरी मान एका बाजूला कलली. श्वास होता, पण थांबून थांबून. पुष्पाच्या ओरडण्यानं मी धावत गेले, ह्यांनी गाडी जुंपली आणि आम्ही मोताळ्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. "हिला काय पाजलंत?"

"काहीच नाही, देवाशप्पथ," पुष्पा म्हणाली.

"अफू?"

"नाही हो!"

डॉक्टर तिच्याकडे असे बघायला लागले, की जणू हिनंच काही केलं आहे. वन्सं लगेच मध्ये पडल्या. "जावयाच्या घरूनच काही आलं असंल. तिकडचे लोक..."

मी त्यांच्याकडे बघितलं. आता ही बाई बोलली नाही तर मला बोलावं लागेल, आणि नणंद जन्मभर माझं तोंड बघणार नाही, हे कळत होतं. माझं तोंड उघडलंही होतं.

"काय दिलं ते कळलं नाही, तर मी उपाय कशावर करू?" डॉक्टर ओरडले. "लेकराचा श्वास अडतो आहे!"

पुष्पाची पिशवी ओढून वन्संनी बाटली बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. "म्या पाजलं. दोन खाचा."

"खाचा? या बाटलीवर खाचा कुठे आहेत?"

"म्या कापल्या होत्या." त्यांनी बाटलीवर दोन बोटं आडवी धरून माप दाखवलं.

डॉक्टरांनी छापील कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, हे मोठ्यांनी चमच्यानं घ्यायचं औषध. यानं झोप येते, लेकराचा श्वास मंदावतो. आमचं औषध पातळ असतं, ती खाच याला कशी चालेल? खरं सांगा, दोनच ना?"

"दोनच."

"नक्की? तीन नाहीत? आणखी काही चाटवलं नाही?"

"नाही हो, लेकराची आण, दोनच!" वन्सं रडायला लागल्या. डॉक्टरांनी तरीही चौथ्यांदा विचारलं. त्या दिवशी कोणी त्यांच्या शब्दावर विसंबायला तयार नव्हतं.

दिवेलागणीला बेबीनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. पुष्पानं लेकराला छातीशी धरलं.

सकाळी आम्ही घरी आलो. पुष्पाला आंघोळ करायची होती. वन्सं ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. पुष्पा त्यांच्यासमोरून तशीच पुढे आली आणि भिंतीवरून मला म्हणाली, "मामी, जरा घेता का इले?"

मी बेबीला घेतलं. वन्संनी हात मांडीवर ठेवले.

"घे वं," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मी असती, तं म्या बी मले देली नसती."