तुमच्या मामाचे रजेचे अर्ज

व्हिडिओ कॉलवर तुमचा मामा दोन मिनिटं दिसतो, "कसे आहात रे" म्हणतो आणि उठून जातो. मागच्या महिन्यात धाकट्याने मला विचारलं की मामा काय काम करतो. मी म्हटलं, रोपवाटिकेत जातो, झाडं लावतो. मग थोरलीने विचारलं, आई तर म्हणते तो मोठ्या कारखान्यात होता, मग सोडला का? तेव्हा मी नेटवर्क खराब आहे असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. अशी निमित्तं मला चटकन सुचतात. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. मी कॉन्व्हेंटात शिकले, पुढे मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण या एका बाबतीत माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास उरलेला नाही. सावकाश वाचा.

मामा डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात लागला. तिथे मोटारींचे सुटे भाग बनत. तयार भाग मापात आहेत की नाहीत हे तपासणं त्याचं काम. नुसता भाग बोटांत फिरवून तो सांगायचा की हा केसभर जाड आहे, आणि मापलं की तसंच निघायचं. तीन पाळ्या होत्या, आठवड्याला बदलणाऱ्या. पाच-सहा वर्षं चांगली गेली. सत्ताविसाव्या वर्षी रात्रपाळीचा आठवडा संपवून तो घरी आला आणि सलग पाच दिवस झोपला नाही. कारखान्यातली माणसं भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, असं सांगू लागला. ताटातला पहिला घास मला खायला लावायचा आणि मग जेवायचा. तुमचे आजोबा त्याला वणीला देवीच्या दर्शनाला घेऊन गेले. तिथून आल्यावर आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा दुपारी जेवून झोपला. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

डॉक्टरांनी खरं प्रमाणपत्र दिलं होतं, आजाराचं नाव लिहून. रात्रपाळी टाळता आली तर बरं, असंही खाली लिहिलं होतं. आजोबांनी ते वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं.

कारण तुमच्या आईचं लग्न जमवायचं होतं. आपल्याकडे मुलगी दाखवायला सुरुवात झाली की मुलाकडची माणसं चौकशी करतात. शेजारीपाजारी विचारतात, आणि मुलीचा भाऊ नोकरीला असेल तर त्याच्या कंपनीत कुणाची तरी ओळख काढून तिथेही विचारतात. माणूस कसा आहे, पितो का, घरात कुणाला काही आहे का. तेव्हा कंपनीत ते नाव जाता कामा नये, असं आजोबा म्हणाले. मीही तेच म्हणाले. त्यांच्यावर ढकलत नाही.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी मैत्रीखातर मलेरियाचं प्रमाणपत्र दिलं आणि अर्ज मी इंग्रजीत लिहिला. शाळेत मुलींना मी शिकवायचे की अर्जात कारण एकच असावं, थोडक्यात असावं आणि वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न पडू नये. माझा अर्ज तसाच होता. रजा मंजूर झाली.

पुढे वर्षातून एकदा, कधी दोनदा, रात्रपाळीनंतर त्याची झोप उडायची आणि आजार परत यायचा. दर वेळी मी अर्ज लिहायचे. मलेरियानंतर टायफॉईड, मग कावीळ, मग कंबरेत उसण. एकदा अर्जात माझ्या बहिणीला मारून टाकलं. ती अजून जळगावला ठणठणीत आहे. प्रत्येक अर्जाची नक्कल मी एका निळ्या फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवत असे, म्हणजे तेच कारण लगेच पुन्हा येणार नाही.

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी मामा स्वयंपाकघरात यायचा आणि विचारायचा, "आई, या वेळी काय झालं होतं मला?" मी सांगायचे. तो दोनदा म्हणून पाठ करायचा. काविळीनंतर कॅन्टीनमध्ये त्याने भजी घेतली तर बरोबरीचे त्याला हसले की याची कावीळ बेसनाने बरी होते. घरी येऊन त्याने ते आम्हाला सांगितलं आणि आम्हीही हसलो. आजार मात्र त्याने एकट्यानेच काढला. ज्यांच्याबरोबर दिवसाचे आठ तास असायचा, त्यांतल्या कुणालाही तो सांगू शकत नव्हता की गोळ्यांनी सकाळी हात जड होतात.

तुमच्या आईचं लग्न झालं, ती परदेशी गेली. मग तरी मी थांबायला हवं होतं. पण तोवर कंपनीत इतके अर्ज गेले होते की पुढचा अर्ज मागच्यांशी जुळवून घ्यावा लागे. लग्नानंतर तीन वर्षांनी तुमच्या बाबांना सगळं कळलं. ते इथे आले होते, मामाशी तासभर गच्चीवर बोलत बसले. खाली आल्यावर मला म्हणाले, "आई, आधी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं." मी त्यांना चहा दिला.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मामा संध्याकाळी घरी आला तो चपला काढता काढताच सांगू लागला. कॅन्टीनमध्ये बोर्ड लागला होता. मनाचा आजारही आजारच आहे, लपवू नका, आमच्याशी बोला, असं त्यावर होतं, आणि खाली नव्याने आलेल्या कर्मचारी विभागाच्या बाईंचा फोन नंबर. त्याने तो हातावर पेनने लिहून आणला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती, कायमची दिवसपाळी. ती मिळाली तर तो निवृत्तीपर्यंत नोकरी करू शकेल, असं त्याचे डॉक्टर कितीदा म्हणाले होते.

तो त्या बाईंना भेटला. बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. डॉक्टरांचा कागद आणा, मी वरच्या साहेबांपुढे ठेवते, म्हणाल्या. त्या रात्री तो पोटभर जेवला.

आणि इथे मी चूक केली. नुसता डॉक्टरांचा कागद पुरे होता. पण मला वाटलं, पुरावा पक्का हवा. निळी फाईल काढून मी सगळ्या तारखा त्याच्या पाळीच्या जुन्या तक्त्यांशी ताडून पाहिल्या. प्रत्येक रजा रात्रपाळीच्या आठवड्यानंतर चार-पाच दिवसांत सुरू झाली होती. एकही अपवाद नव्हता. मी एका कागदावर दोन रकाने करून ते सुबक लिहिलं, त्यामागे सगळ्या नकला लावल्या आणि मामाबरोबर स्वतः कारखान्यात गेले. मामा रिक्षात म्हणाला होता, "फाईल राहू दे का, आई?" मी म्हटलं, अरे, आता खरंच सांगायचं आहे ना, मग सगळंच सांगू.

साहेबांनी माझे दोन रकाने पाहिले नाहीत. ते नकला चाळत राहिले. सगळी मूळ पत्रं त्यांच्याकडे कुठेतरी पडून असणार, पण ती एकत्र कुणी कधी वाचली नव्हती. ती मीच त्यांना तारखेप्रमाणे लावून दिली होती. त्यांनी अर्ज एकेक करून टेबलावर पसरले. मग मला म्हणाले, "मॅडम, इंग्रजी फार छान आहे तुमचं." आणि मामाकडे वळून विचारलं, "यातलं खरं काय आहे?"

मामाने एक अर्ज उचलून वरची तारीख पाहिली. मग म्हणाला, "तारखा खऱ्या आहेत, सर."

तरुण बाईंनी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला. साहेबांनी त्यांचं ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. पण ज्याने इतकी वर्षं खोटी कारणं दिली त्याचा आजचा कागद तरी खरा कशावरून, असं त्यांनी विचारलं, आणि खोट्या प्रमाणपत्रांवर रजा घेतल्याबद्दल चौकशी लावावी लागेल म्हणाले. चौकशी लागली असती तर घरच्या डॉक्टरांचंही नाव आलं असतं. दुसरा रस्ता राजीनाम्याचा होता. मामाने तो तिथल्या तिथे कबूल केला. घरी आल्यावर माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाला, लिही. कारण काय लिहू, असं मी विचारलं. "वैयक्तिक लिही," म्हणाला. तो माझा शेवटचा अर्ज.

पुढची चार वर्षं तो घरात होता. आजोबा गेले तेही त्याच काळात. कुठे मुलाखतीला गेला की पहिली नोकरी का सोडली हे विचारत, आणि तो उठून परत येई. कधी कधी माझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्या हातात घेऊन बोटांत फिरवत बसलेला दिसे. मी आत जात नसे.

मग गेल्या वर्षी मखमलाबादच्या बाजूला एका रोपवाटिकेत माणसं हवीत असं त्याला कळलं. तो एकटाच गेला. तिथल्या मालकाला त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की मला मनाचा आजार आहे, रोज गोळ्या घेतो, सकाळी नऊच्या आधी येता येणार नाही. मालकाने कामावर घेतलं. पण म्हणाला, डोक्याचा त्रास आहे म्हणता, मग पूर्ण हजेरी कशी देऊ? म्हणून मामा दिवसभर इतरांइतकंच राबतो, पिशव्यांत माती भरतो, कलमं बांधतो, आणि संध्याकाळी इतरांपेक्षा कमी मजुरी घेऊन येतो. तिथल्या बायकांनाही पुरुषांपेक्षा कमी मिळते. याला त्यांच्याहूनही कमी.

हे कळल्यावर मी कागद आणि पेन काढलं. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे, चार ओळींत मी त्या माणसाला समजावलं असतं. मामा गोळी घ्यायला पाण्याचा पेला घेऊन उभा होता. म्हणाला, "आई, तू लिहू नकोस. त्याला मी खरं सांगितलंय. तुझं पत्र गेलं की तोही विचारेल, यातलं खरं काय."

मी कागद परत ठेवला. ज्या सकाळी त्याला बरं नसतं, त्या सकाळी आता तो स्वतः फोन करतो. मी पोळ्या लाटत असते, मला ऐकू येतं. आज डोकं बरं नाही, शेठ, आज येत नाही. एवढंच बोलतो. त्या दिवसाची मजुरी जाते. फोन ठेवून तो गादीवर भिंतीकडे तोंड करून पडतो आणि मी चहा झाकून ठेवते.

थोरलीने विचारलं होतं, नोकरी का सोडली. पुढच्या रविवारी फोन केलात की त्यालाच विचारा. तो सांगेल. मी शेजारी बसेन आणि मध्ये बोलणार नाही.