दत्तूअण्णाच्या ताटातला घास

दत्तूअण्णाचं गुपित मी फोडलं. तेही त्याचं भलं करायला जाऊन.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला, झोपेतच त्याचं हृदय थांबलं म्हणून... आणि जे. पी. नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात पुरणाच्या पातेल्यापाशी मी नुसताच उभा राहिलो. आम्ही दोघं निपाणीकडचे. केटरिंग माझ्या नावावर, पण लोक यायचे ते दत्तूअण्णाच्या हातचं जेवायला. आपल्याला एचआयव्ही आहे हे कामावर त्यानं एकट्या मला सांगितलं होतं. "रोज गोळी घेतो, ठणठणीत आहे. तू फक्त गप्प बस."

गप्प बसलो तर मी कसला! कामगारांचं अज्ञान घालवायचं डोक्यात घेऊन मी दवाखान्यातल्या एका बाईंचं भाषण ठेवलं, ऐन जेवणाच्या वेळी. एकत्र जेवल्यानं हा आजार होत नाही, असं त्या म्हणाल्या मात्र, मी ताडकन उठलो, दत्तूअण्णाच्या ताटातला घास उचलला आणि सगळ्यांना दाखवून खाल्ला. टाळ्यांची वाट पाहत होतो... कुणी हललं नाही. सगळे दत्तूअण्णाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा पेला वेगळा झाला. पोळ्या लाटणाऱ्या गंगाक्का त्यानं वाटलेल्या पुरणाला हात लावीनात. खिशातून गोळी काढली की सगळ्यांच्या माना वळत. म्हणून तो कामावर गोळी टाळायला लागला आणि टाळता टाळता ती सुटलीच. पुढे शर्ट अंगावर लोंबायला लागला, तशी मला धास्ती बसली. मी रागावलो, तर म्हणाला, "तू स्वतःची तपासणी केलीस?"

"मी कशाला? मी चांगल्या घरचा माणूस."

"मीपण हेच म्हणायचो की! लग्नाच्या ऑर्डरीवर बाहेरगावी गेलो की आपण कुठं जायचो, विसरलास होय? बरोबरच जायचो."

मी समोरचं पातेलं घासायला घेतलं. "तू सुई टोचून घे, मी गोळी सुरू करतो," तो म्हणाला. सरकारी दवाखान्यात सुई दिसली आणि मी आडवा झालो. दत्तूअण्णानं माझं डोकं मांडीवर घेतलं, वारा घातला. रिपोर्ट चांगला आला. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

माझं ते पडणं त्यानं स्वयंपाकघरात साभिनय करून दाखवलं. गंगाक्का डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, मलापण नेशील? आमचे ट्रकवर असतात... मनात भीती असती." तो घेऊन गेला. मग आणखी कुणाकुणाला. गोळीच्या वेळी पाण्याचा पेला त्याच्यापुढे गंगाक्काच ठेवायला लागल्या, स्वतःचा.

परवा आमचा एक वाढपी भांड्यांच्या आडोशाला येऊन मला आणि गंगाक्कांना विचारत होता, दत्तूअण्णा न्यायचा तिथं आता कोण नेणार? मी गाडीची किल्ली उचलली. गंगाक्कांनी पदराला हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"याच्यासंगं मी जाते. तुम्ही हितंच थांबा, मालक. अन् तोंड मिटून थांबा."