वरच्या रानातली विहीर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. कराडला शाळेत चित्रकला शिकवते, आणि 'प्रेरणा' हा शब्दसुद्धा मला जरा भंपकच वाटतो. तरी हे सांगतेय... कारण मनातून जातच नाही.

मागच्या उन्हाळ्यात संगमावरचा घाट रंगवायला घेतला होता. पण हात ऐकेना. पाण्याच्या जागी कोरडे दगडच येत गेले. दोनदा रंग खरवडून काढला, दोनदा तेच. शेवटी म्हटलं, जाऊ दे हाताला कुठं जायचंय तिकडं — तर एक आटलेली विहीर झाली. तुटक्या पायऱ्या, भिंतीतून वाकडा उगवलेला पिंपळ, काठावर गंजकं चाक. आणि तळाशी पांढऱ्या रंगाचा एक आडवा फटकारा. तो का मारला, सांगता येणार नाही. शाळेतल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, हे कशाचं प्रतीक?" मी ठोकून दिलं, "आशेचं."

तीन महिन्यांनी सांगलीत आम्हा चार मैत्रिणींचं प्रदर्शन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. वर 'हरवले आहेत', खाली एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो.

"बाई, दारावर एक चिकटवू का? थोरला भाऊ हाय माजा. फौजेतनं रिटायर झालाय. काल सकाळधरनं घरी न्हाई."

"चिकटवा की."

त्या वळल्या आणि माझ्या चित्रापुढं थबकल्या.

"ही तर आमच्या वरच्या रानातली हीर हाय! तुमी कवा आलावता कवठे महांकाळला?"

"कधीच नाही हो. मनानं काढलंय."

"मनानं? आन् ह्यो पिंपळ? ह्ये चाक तर आमच्या आज्यानं बसवलेलं!" त्यांचं बोट चित्रावरून खाली सरकलं आणि तळाशी थांबलं. "...ह्ये पांढरं काय हाय?"

"माहीत नाही," मी एवढंच म्हणाले.

त्यांनी गावाकडं मुलाला फोन लावला. "वरच्या हिरीत बघ जा. आत्ताच्या आत्ता!... आरं, तिकडं कुनी जात न्हाई म्हनूनच म्हंते!"

अर्धा तास आम्ही दोघी बाकावर बसून होतो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. चित्राकडं बघायची माझी हिंमत होईना.

फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि माझं मनगट सोडलं. "जित्ता हाय... तात्या जित्ता हाय गं!"

चुकलेली शेळी शोधायला गेले होते, पाय घसरून आत पडले. मांडीचं हाड मोडलं होतं. अंगात पांढरा बनियन.

महिन्याभरानं मी त्यांना भेटायला गेले. तात्या खाटेवर, पायाला प्लास्टर. मोबाईलवर चित्राचा फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाई, एक इचारू? ह्यात मी जित्ता हाय, का मेल्याला?"

"आवं तात्या, काय पन इचारताय!" म्हणत त्यांची बहीण चहा ठेवायला उठली. तात्या मात्र माझ्याकडंच बघत राहिले.

मी तो फटकारा मारला, तेव्हा हा माणूस गावात शेळ्या राखत धडधाकट फिरत होता. मग मी काढलं कुणाला?