अंड्याभोवती बोराटी

जोतीरामला फॉरेस्टवाल्यांनी माळाचा राखणदार केलं तेव्हा गावात हसू पिकलं होतं. ज्याच्या परड्यातली दोडकी शेजारणीच्या शेळ्या रोज फस्त करायच्या, आणि जो त्यांना हाकलायच्या आधी ‘भुकेजल्या असत्याल बिचाऱ्या’ म्हणत उभा राहायचा, तो चार गावांचा माळ काय राखणार! हे मी गिरणीत सगळ्यांसमोर बोललो होतो आणि लोक पोट धरून हसले होते. मी रामहरी, गावचा गिरणीवाला. जोतीरामच्या घराला माझी भिंत लागून आहे, म्हणून त्याची गोष्ट सांगायचा हक्क माझाच.

बहात्तरच्या दुष्काळानं आमचा माळ पार उघडा केला होता. गवताची मुळंसुद्धा लोकांनी खणून जनावरांपुढे टाकली. पुढं पाऊस आला, पण धरायला काहीच नव्हतं, म्हणून उरलीसुरली माती घेऊन तो ओढ्याला गेला. मग सरकारची योजना आली. उतारावर आडवे चर खणायचे, पवन्या आणि मारवेल गवताचं बी पेरायचं आणि तीन वर्षं तिथं एक खूर पडू द्यायचा नाही. त्यानंतर गवत कापून न्यायला मोकळीक, पण जनावर आत सोडायचं नाही. रेंजरसाहेबांना हे सांगणं सोपं होतं. आमच्याकडं माळ म्हणजे गावाचं अंगण. चावडीत लोकांनी साहेबांना असं धारेवर धरलं, की त्यांनी तीनदा घाम पुसला.

त्या दिवशी उठून बोलला तो जोतीराम. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होता, त्यामुळं निम्मं कुणाला कळलंच नाही. पण त्याच्यामागून येडू उठला. येडू धनगर, गावातलं मेंढरांचं सगळ्यांत मोठं खांड त्याचं. माळ बंद झाला तर सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच होतं. पण तो आणि जोतीराम लहानपणापासून एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेले. येडू म्हणाला, “जोतीराम म्हनतोय तर करा बंद. फकस्त माज्या मेंढरास्नी तळ्यावर जायाची वाट ठिवा.” माळाच्या कडेनं वाट ठेवली गेली. येडूच हो म्हणाल्यावर बाकीचे धनगर काय बोलणार?

गवत आलं. मला वाटलं नव्हतं, पण आलं. पहिल्या वर्षी विरळ, दुसऱ्या वर्षी घोट्याएवढं, आणि चौथ्या वर्षी दिवाळीनंतर बायका भारे बांधून आणताना गाणी म्हणायला लागल्या. माळावर काळवीट दिसू लागले. आणि एका पावसाळ्यात माळढोक आला. म्हाताऱ्या माणसांनी तो लहानपणी पाहिलेला, आम्ही नुसता ऐकलेला. कमरेएवढा उंच पक्षी, मान ताठ, चाल अशी की सातबारा त्याच्याच नावावर असावा. जोतीराम तर खुळाच झाला. दळण टाकायला आला की त्या पक्ष्याचं सांगत बसायचा. घरात चिमावहिनी, म्हणजे त्याची बायको, चूल पेटवून पिठाची वाट बघत असायची.

रेंजरसाहेब भला माणूस होता, पण तोही धास्तावलेला. माळ पडीक आहे, तिथं निलगिरी लावा, असा दुसरा प्रस्ताव वर फिरत होता. साहेब जोतीरामला म्हणाले, “या पक्ष्यानं इथं एक पिल्लू वाढवलं ना, तर चारी गावांचा माळ राखीव होईल. मग निलगिरीचं नाव कुणी काढणार नाही.” तेव्हापासून त्या पिल्लाची वाट जोतीराम घरातल्या बाळंतपणासारखी बघायला लागला.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात अंडं पडलं. एकच. घरटं नाही, काडी नाही, उघड्या भुईवर तसंच. साहेब आले, टेकाडावरून दुर्बिणीतून त्यांनी पाहिलं आणि जोतीरामला बजावलं, “जवळ जायचं नाही. काही करायचं नाही. लांबून फक्त बघायचं.”

लांबून बघणं जोतीरामला जमलं. काही न करणं जमलं नाही. आमच्याकडं जपायची वस्तू म्हटली की तिच्याभोवती बोराटी येते, बोरीच्या काटेरी फांद्या. खळ्याला बोराटी, कडब्याच्या गंजीला बोराटी, आंब्याच्या रोपाला बोराटी. लहान लेकरू गेलं आणि त्याला माती दिली, तरी कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर बोराटीच टाकतात. जोतीरामचं पहिलं लेकरू असंच माळाच्या पायथ्याला पुरलेलं आहे, आणि ती बोराटी त्यानं स्वतःच्या हातानं टाकली होती. वस्तीवरची कुत्री मोकाट, मुंगूस फिरतंय, आणि गावाचं नशीब उघड्या भुईवर पडलंय. हे त्याला बघवेना.

एका दुपारी मादी टोळ टिपायला लांब गेली तसा तो उठला. ओढ्याकाठची बोराटी तोडून त्यानं अंड्याभोवती गोल कुंपण घातलं. पक्ष्याला आत यायला एक फट ठेवली. पुढं हे सांगताना तो परत परत म्हणायचा, “दार ठिवलं हुतं की रं, रामहरी, दार ठिवलं हुतं.”

मादी आली. कुंपणापासून लांबच थबकली. मान उंच करून तिनं बघितलं, एक फेरी घातली, पुन्हा थांबली. जोतीराम टेकाडाआड पालथा पडून बघत होता. धावत जाऊन काटे काढावेत असं त्याला वाटत होतं, पण तो उठला असता तर ती उडालीच असती. म्हणून तो पडून राहिला आणि ती फिरत राहिली. शेवटी ती पाठ करून चालायला लागली ती चालतच राहिली. त्यानं पळत जाऊन बोराटी उपसली आणि चरात टाकली. पण ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी अंडं गार होतं. त्याच्या पुढच्या सकाळी मुंगसानं फोडलेल्या टरफलाचे तुकडे तेवढे उरले होते.

साहेब आले. तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, “काय झालं इथं? कोण आलं होतं?”

जोतीरामनं वाटेकडं बोट केलं आणि म्हणाला, “येडूची मेंढरं हितनंच जात्यात की तळ्यावर.”

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. मेंढरं तिथूनच जात. साहेबांनी पुढचं स्वतःच जुळवून घेतलं आणि जोतीरामनं ते जुळवू दिलं.

चावडी भरली. गाव येडूवर तुटून पडलं. पाच वर्षं पोट मारून माळ राखला आणि ह्याच्या मेंढरांनी मातीत घातला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. वाट बंद करायचा हुकूम साहेबांनी तिथंच वाचून दाखवला. येडूनं जोतीरामकडं बघितलं. जोतीराम भुईकडं बघत होता. येडू एवढंच म्हणाला, “बरं.” चार दिवस तो घरीच होता. मग बायकोला, म्हाळसाबाईला, म्हाताऱ्या आईपाशी ठेवून खांड घेऊन तो गाव सोडून गेला.

त्या चार दिवसांत चिमावहिनी नवऱ्याच्या तळहातातले काटे सुईनं काढत होती. काटे कशाचे, हे तिला सांगावं लागलं नाही. म्हणाली, “सायबास्नी सांगा.”

“नोकरी जाईल.”

“आन् येडूभावजींचं काय गेलं, त्ये दिसत न्हाय व्हय?”

तो हात सोडवून उठला. भिंत एकच असल्यामुळं मला आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत; ते चिमावहिनीनं पुढं कधीतरी सांगितले. मला वाटायचं, नवरा-बायकोचं नेहमीचं चाललंय.

पुढचं वर्ष जोतीराम आतून पोखरला गेला. भाकरी मोडायचा आणि ताटात तशीच ठेवायचा. माझ्या थट्टेला पूर्वी हसायचा, आता ऐकूच जायचं नाही. आणि दर बाजाराच्या दिवशी गवताचा भारा डोक्यावर घेऊन येडूच्या दारात टाकून यायचा, म्हाळसाबाईच्या दोन शेळ्यांसाठी. एकदा मी तिथं होतो. ती बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, “सगळं गाव तोंड फिरवून बसलं, भावजी. तुमी तेवढं इसरला न्हाई.” जोतीराम ओसरीवरनं उतरला आणि कुडाला धरून उभा राहिला. त्या माउलीनं त्याला पाणी आणून दिलं, तेही त्याला पिता आलं नाही.

इतकं होऊनही तो बोलला नाही. ह्याचा मला अजून राग येतो. माणूस वाईट नव्हता म्हणूनच येतो.

एकोणऐंशी साली वरून अभयारण्य जाहीर झालं. पिल्लू आमच्या माळावर नाही तर दुसरीकडं कुठं वाढलं असेल, पण चारी गावांचा माळ राखीव झाला आणि निलगिरीचं नाव मिटलं. शाळेच्या पटांगणात सभा भरली. माळ राखणारा प्रामाणिक माणूस म्हणून जोतीरामचा सत्कार ठरला. साहेबांनी सोलापूरहून फेटा आणला होता. ते फेटा बांधायला पुढं झाले, आणि जोतीरामनं त्यांचे दोन्ही हात धरले.

“फेटा नगं, सायेब. अंडं माज्यामुळं गेलं. मी बोराटी लावली. येडूची मेंढरं आत आलीच न्हवती.”

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. हळू आवाजात म्हणाले, “अरे, त्या पक्ष्याला चारी बाजू मोकळ्या दिसाव्या लागतात. आडोसा दिसला की त्याला वाटतं, आत कुणी दबा धरून बसलंय. काही करू नको म्हणालो होतो ना मी?”

“व्हय,” जोतीराम म्हणाला.

नोकरी त्याच दिवशी गेली. येडूची वाटही त्याच दिवशी मोकळी झाली. लोकांनी जोतीरामला नको नको ते ऐकवलं, जे एक वर्ष आधी येडूला ऐकवलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. चिमावहिनी मात्र पदर नीट करून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, गाठ सुटली.

येडू अकलूजला आहे एवढं म्हाळसाबाईला ठाऊक होतं. गिरणीचा एक भाग तिथून आणायचाच होता, म्हणून मी सोबत गेलो. खरं सांगायचं तर जोतीरामला एकट्याला सोडवेना. एसटीत तो सारखा म्हणत होता, “वाट उगडली म्हनून सांगतो. मेंढरं घिऊन चल म्हनतो. ऐकंल की?” मी म्हणालो, ऐकेल.

एका बागायतदाराच्या गोठ्यात येडू म्हशींना उसाचं वाढं तोडून घालत होता. अंगावर घोंगडं नव्हतं, हातात काठी नव्हती. मी आधी ओळखलंच नाही. जोतीराम थेट त्याच्या पायावर गेला.

“उट, उट. लोक बगत्यात,” येडू म्हणाला. त्यानं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं, बाजेवर बसवलं. जोतीरामनं सगळं सांगितलं. अंडं, बोराटी, साहेबापुढचं ते वाक्य, सभा, आणि वाट मोकळी झाली ते. “चल गावाला. मेंढरं घिऊन चल.”

“मेंढरं इकली,” येडू म्हणाला. “हितं सगळा ऊसच. चारायचं कुटं? पाडव्याच्या आदीच इकली.”

पुढंही येडूच बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता सांगत होता.

“आन् मला ठावं हुतं. त्या दुपारी मी वरच्या टेकाडावर हुतो. तू बोराटी वढत न्हेताना बगितलं मी.”

“मग चावडीत बोल्ला का न्हाईस?” जोतीरामचा आवाज फाटला.

“तू बोलशील म्हनून. चार दिस घरी थांबलो. दारात कुणाचं पाऊल वाजलं की वाटायचं, आला. न्हाई आलास, मग निगालो.” त्यानं हातातलं वाढं खाली ठेवलं. “आरं, मला येऊन सांगायचं हुतंस, येडू, माज्याकडनं असं झालंय. मीच म्हनलो असतो चावडीत, की व्हय, माजीच मेंढरं शिरली. तुजी नोकरी ऱ्हायली असती. मी त्याच वाटंनं त्याच दिशी गेलो असतो, पर हसत गेलो असतो. तू इचारलंच न्हाईस की रं.”

आतून मालकाची हाक आली. येडूनं वाढ्याचा भारा उचलला आणि तो गोठ्यात गेला. आम्ही उठलो.

परतीच्या एसटीत करमाळ्यापर्यंत जोतीराम खिडकीबाहेर बघत होता. करमाळा आलं, माणसं उतरली, चढली. गाडी सुटल्यावर तो माझ्याकडं वळला.

“रामहरी, त्यानं खरंच घेतलं असतं रं अंगावर?”

नाही म्हणालो असतो तर त्या रात्री तो झोपला असता. माझ्यानं म्हणवलं नाही.

“घेतलं असतं,” मी म्हणालो.