सरोजिनीबाईंचा दगड

रोह्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून सरोजिनीबाई निवृत्त झाल्या. यजमान गेल्यापासून जवळच्या वरसे गावातल्या घरी त्या एकट्याच असत. दाराशी यायची ती फक्त मासळीवाली पुतळी.

एकदा तिनं खिडकीतला दगड उचलला. यजमानांनी तो दक्षिणेतून आणला होता.

"ह्यो कसला, बाई?"

"तो स्पंज होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. प्राण्यांमधलं फार जुनं घराणं."

"जनावर? मंग तोंड कुठं हाय?"

"तोंड नाही, डोळे नाहीत. एका जागी बसायचं आणि अंगातून पाणी जाईल त्यातलं खायचं."

"आन् बोलायला कोन?"

पुतळी टोपली उतरवून उंबऱ्यावर टेकली.

"चा टाका," ती म्हणाली.

बाईंनी आधण ठेवलं, पण एकट्या त्या बिनसाखरेचाच चहा पीत; साखरेचा डबा काही केल्या सापडेना.